आत्याची जीप मीच चालवली

हो. इंदूआत्याला शेवटचं जीपमधून नेलं.
आणि जीप मी चालवली.

सकाळपासून फोन करून "खरंय का गं?" विचारणाऱ्या सगळ्यांसाठी एकदाच लिहिते. परत कुणी विचारू नका.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी: इंदूआत्या माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला.
सासरच्यांनी शेत ठेवून घेतलं, दागिने ठेवून घेतले. जीप तेवढी दिली, कारण ती बंद होती.

मिलिटरीच्या लिलावातली जीप. स्टिअरिंग डावीकडं. आत्यानं ती बैलांनी ओढत कन्नडजवळच्या आमच्या शेतावर आणली.
गाव हसलं. हसू दे.

शहरात, उस्मानपुऱ्यात, एक चाचा मेकॅनिक होते. चौथ्यांदा बोलावल्यावर वैतागले. "बाईसाब, तुमीच सीख लेव ना. मेरे कू कित्ते बार बुलाते?"
आत्या शिकली. साडीचा पदर खोचून गाडीखाली झोपायची. घरातल्या पुरुषांना तिचे ग्रीसचे हात दिसायचे, चालू झालेली गाडी दिसायची नाही.

हुडचं कापड तिनं स्वतः मशीनवर शिवलं. बॉनेटवरचा मिलिटरीचा नंबर पुसू दिला नाही. रंग तोच, पार्ट तेच.
लोक म्हणतात, काय मेंटेन केलीय! अहो, ती रोज चालवली म्हणून टिकली. झाकून ठेवली असती तर केव्हाच भंगारात गेली असती.

एकदा वेरूळच्या रस्त्यावर टुरिस्टांनी गाडीला गराडा घातला. सेल्फी, व्हिडिओ, काय काय. आत्यानं दहा मिनिटं वाट बघितली, मग ओरडली,
"लेणी तिकडं हायेत. ही गाडी हाय. सरका, मला बाजाराला जायचंय!"

पुण्याचे जुन्या गाड्या जमवणारे आले, रिसॉर्टवाले आले. एकाला ती गेटवर चबुतरा बांधून उभी करायची होती. त्याला तिनं चहासुद्धा दिला नाही.

गेल्या महिन्यात दवाखान्यात मला म्हणाली, "मला त्या काचेच्या गाडीत घालू नका. आयुष्यात कधी काच लावून बसले नाय. माझ्या जीपमधून न्या."
मी म्हटलं, "असं नको बोलू." ती म्हणाली, "मग कधी बोलू? मेल्यावर?"

काल सकाळी ती गेली. आणि प्रशांतनं, माझ्या चुलतभावानं, शहरातून काचेचीच गाडी मागवली. एसीवाली.

मी सगळ्यांसमोर तिचं म्हणणं सांगितलं.
नाना, म्हणजे तिचे थोरले भाऊ, माझे मोठे काका, भडकले. "जीपमधून मयत नेत्यात का? लोक काय म्हणतील?"
मी म्हटलं, "नाना, लोकांचं ऐकून ती एक दिवस तरी जगली का?"

शेवटी प्रशांत म्हणाला, ठीक आहे, चालू झाली तर नेऊ.
त्यानं सेल्फ मारला. पुन्हा मारला. बॅटरी बसली. मग पोरांनी धक्का दिला, अंगणातून पार रस्त्यापर्यंत. सगळे घामाघूम. गाडी ढिम्म.
"बघा," नाना म्हणाले. "देवाच्याच मनात नाय."

देवाचा काही संबंध नव्हता.

हल्लीचं पेट्रोल जुन्या कार्ब्युरेटरला मानवत नाही. म्हणून आत्या रोज संध्याकाळी सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायची आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायची. जेवणाआधी हात धुवावेत इतकं नेमानं. दवाखान्यात जायच्या दिवशीही तिनं तेच केलं होतं.
ही गोष्ट माझ्याशिवाय घरात कुणालाच माहीत नव्हती. कारण बाकी कुणी कधी तिला विचारलंच नाही.

मी सीट उचलली. कॉक उघडला. थोडं थांबून पुढून हँडल मारलं. तिसऱ्या फिरकीला सुरू.

प्रशांत चालवायला बसला. त्याची स्वतःची गाडी ऑटोमॅटिक. इथं पहिला गिअर टाकताना असा आवाज आला की मला वाटलं आत्या उठून बसते.
"गिअरच पडंना," तो म्हणाला.
"उतर," मी म्हटलं. दहावीच्या सुट्टीत आत्यानंच मला शेतात शिकवली होती.

उजवी सीट काढून तिरडी त्या बाजूनं लांब बांधली. त्यामुळे आत्या माझ्या शेजारीच होती.
रस्ताभर मी रडत होते आणि गिअर बदलत होते. दोन्ही जमतं.

स्मशानाच्या वळणावर गावातल्या एका आजोबांनी हात केला. "पोरी, तू इथंच थांब. बायका पुढं येत नाय. आम्ही नेतो."
परवाच्या पावसानं पुढं सगळा चिखल.
"आजोबा, थांबवली तर रुतंल. मग ढकलाल का?"
ते बाजूला झाले.
मी फोर-व्हील टाकलं आणि थेट चितेपर्यंत नेली. काचेची गाडी वरच रस्त्यावर उभी होती, तिला उतरता आलं नसतं.

अग्नी नानांनी दिला. मी तिथंच उभी होते, शेवटपर्यंत.

परत निघताना मी स्टार्ट केली, तर नाना आले. काठी आत टाकली आणि मागं चाकावरच्या पत्र्यावर चढून बसले. आत्याच्या गाडीत ते आजवर एकदाही बसले नव्हते. बहीण चालवते आणि भाऊ शेजारी बसतो, याची त्यांना लाज वाटायची.

वाटेत एवढंच बोलले,
"हळू घे. लई जपलीय तिनं."
आणि मग माझ्या पाठीमागं त्यांच्या रडण्याचा आवाज आला.

जीप विकायची नाही. चबुतऱ्यावर चढणार नाही. पुढच्या बाजाराला मी तिच्यातूनच जाणार आहे, ज्यांना हसायचंय त्यांनी रस्त्यावर येऊन हसावं.

आत्या, तू सांगितलंस तसंच केलं गं.
जा आता. तुझ्या पायावर डोकं ठेवते.