चोविसावा कप्पा

आमच्या घरात कुणाला काही कापायचं असेल तर तो स्वयंपाकघरात जात नाही, आत्याला हाक मारतो. पार्सलची चिकटपट्टी, नव्या शर्टाच्या मानेला टोचणारं लेबल, बोटात घुसलेलं कुसळ, अडून बसलेली चेन, सगळ्यावर तिच्याकडे एकच इलाज. उजवा हात खिशात जातो, टक् असा आवाज होतो, काम होतं, पुन्हा टक्, आणि हात बाहेर येतो तो रिकामा. हे सगळं ती चाललेलं बोलणं न थांबवता करते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. चाळीस वर्षं तिनं रोपवाटिकेत कलमं बांधली. घरात ती चाकूशिवाय वावरली असा एकच दिवस मला आठवतो आणि त्या दिवसाला जबाबदार मी आहे. गुन्हा कबूल करूनच पुढचं सांगते.

तिच्या प्रत्येक कपड्याला दोन खोल खिसे असतात. ते ती स्वतः शिवते, कारण शिंपी बायकांच्या कपड्याला खिसा लावतो तो फक्त दाखवण्यापुरता, असं तिचं ठाम मत आहे. उजव्या खिशात कामाचा चाकू. डाव्या खिशात त्या दिवशी ज्याचा नंबर असेल तो. कारण आत्या घडीचे जुने चाकू जमवते. मात्र याला छंद म्हणायची सोय नाही.

"छंद कसला? सांभाळते मी त्यांना," ती म्हणते. "छंद रिकाम्या माणसांना असतो."

जाड पडद्याच्या कापडाची एक गुंडाळी आहे. तिला आतून कप्पे शिवलेले, आणि प्रत्येक कप्प्यावर लाल दोऱ्यानं चाकूच्या मूळ मालकाचं काम लिहिलेलं. 'मेंढपाळ' लिहिलेल्या कप्प्यात शिंगाच्या मुठीचा चाकू, मूठ हाताळून हाताळून पिवळी पडलेली. 'टपाल' मधला अगदी चपटा, पुड्यांच्या सुतळ्या कापून कापून पातं मधोमध खंगलेलं. 'जहाजावरचा आचारी' याच्या चाकूला टोकच नाही, कारण डोलणाऱ्या जहाजात टोकदार चाकू म्हणजे संकट. 'बेकरी' ला लाकडी मूठ आणि पातं अडकवायला फिरणारं कडं. असे तेवीस.

तिचा नियम साधा आहे. दुकानातून एकही घ्यायचा नाही. ज्या हातांचं काम थांबलं, म्हणजे जो माणूस गेला किंवा ज्यानं काम सोडलं, त्याचाच चाकू गुंडाळीत येतो. आणि एकदा आला की त्याला लोळत पडू द्यायचं नाही. रोज एकाचा नंबर लागतो, तो दिवसभर डाव्या खिशात फिरतो आणि त्यानं निदान एक तरी काम करायचंच. मग ते सफरचंद सोलणं असो की माझ्या पेन्सिलीला टोक काढणं.

"पेटीत ठेवलेला चाकू गंजण्याआधी रुसतो," असं ती म्हणते. मी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करते, रुसलेल्या वस्तूंवर माझा विश्वास नाही. पण तिच्यासमोर तसं बोलण्याची माझी टाप नाही.

तिचा स्वतःचा कामाचा चाकू मात्र या गुंडाळीत कधीच नव्हता. तो उजव्या खिशातला. काळ्या लाकडाची मूठ, अंगठा टेकून टेकून तिच्यात पडलेला खळगा, एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला हाडाची चपटी जीभ, झाडाची साल अलगद उचलायला. कामाला लागली त्या आठवड्यात घेतलेला. तो चाकू तिच्या हातात असला की कुणी आपला हात पुढे करत नसे. रोपवाटिकेचे मालकसुद्धा दोन पावलं मागे उभे राहत.

मग तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. रोपवाटिकेतलं काम उकिडवं बसून करायचं. बसलं की उठता येईना, उठलं की बसता येईना. शेवटी तिनं काम सोडलं. निरोप समारंभात भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जिला आता कुठे वेळेवर पोहोचायचं नाही तिला घड्याळ देणाऱ्याच्या अकलेबद्दल मी काही लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या खिडकीपाशी बसून शिवत होती. गुंडाळीला चोविसावा कप्पा लावला होता. त्यावर लाल दोऱ्यानं 'कलमं' असं लिहून झालं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"काम थांबलं की कप्प्यात जायचं. सगळ्यांना एकच नियम." तिनं खिशातून चाकू काढला आणि कप्प्यात सरकवला. "पुढच्या महिन्यापासून याचाही नंबर लागेल. महिन्यातून एकदा."

मला ते अजिबात सहन झालं नाही. स्वतःच्या नावाची पाटी माणूस स्वतःच कशी लिहितो? माझी एक खोड आहे. राग आला की मी भांडत नाही, कुणाच्या तरी डोक्यावर उपकार करून मोकळी होते. दोन दिवसांनी आत्या गुडघ्यांच्या व्यायामाला गेली. तिथल्या दारावर चाकू आत नेऊ देत नाहीत, म्हणून त्या दिवशी सगळे घरीच होते. मी अख्खी गुंडाळी उचलली आणि बाजारातल्या धारवाल्याकडे नेली. नवी कोरी धार लावून आणायची आणि तिला चकित करायचं, एवढाच माझा डाव.

धारवाल्याचं यंत्र विजेवर चालायचं. माणूस कामसू होता. ठिणग्या उडवत त्यानं चोवीसच्या चोवीस चाकू चकाचक केले, आणि शेवटचा हातात देताना म्हणाला, "ह्या एकाला एकाच बाजूनं धार होती. कुणीतरी अर्धवट सोडलं होतं काम. मी पूर्ण करून दिलंय."

मी त्याचे दोनदा आभार मानले.

घरी आले तर आत्या व्यायामाहून परतलेली आणि दुधाची पिशवी हातात घेऊन उभी. तिचा हात खिशात जात होता आणि रिकामा बाहेर येत होता. मी ऐटीत गुंडाळी टेबलावर पसरली. तिनं एकेक पातं उघडून पाहिलं. स्वतःच्या चाकूवर अंगठा आडवा फिरवला, मग पातं उलटं केलं आणि पुन्हा फिरवला.

"छान," ती म्हणाली आणि दुधाची पिशवी दातांनी फाडली.

मला वाटलं, भारावून गेली.

खरा प्रकार कळला तो तीन आठवड्यांनी, मालकांचा फोन आला तेव्हा. रोपवाटिकेच्या फाटकाजवळ संत्र्याचं एक जुनं झाड होतं. पातळ सालीचं, जवळजवळ बिनबियांचं. तसं दुसरं झाड कुणाच्या पाहण्यात नव्हतं. ते वरून वाळत चाललं होतं. फक्त एक फांदी हिरवी उरली होती. नव्या माणसांनी तिच्यावरचे बारा डोळे काढून दुसऱ्या रोपांवर भरून पाहिले, बाराही काळे पडले. डोळा म्हणजे काडीवर फुटायच्या बेतात असलेला कोंब. आता फांदीवर नऊ डोळे उरले होते आणि ती जेमतेम आठवडा टिकली असती.

"बाई, तुम्ही एकदा याल का?" मालकांनी विचारलं. ते झाड त्यांच्या आईनं लावलेलं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"येते," आत्या म्हणाली. "मला तीन दिवस द्या." फोन ठेवून तिनं मला समोर बसवलं. सारा प्रकार तेव्हा समजला. डोळा भरायच्या चाकूला एका बाजूनं उतार असतो, दुसरी बाजू पाटीसारखी सपाट. तरच काप सरळ येतो आणि डोळा झाडाला चिकटून बसतो. दोन्ही बाजूंनी उतार दिला की काप खोलगट होतो, मध्ये हवा राहते, डोळा सुकतो. धारवाल्यानं पूर्ण केलेलं काम ते हेच.

माझं तोंड एवढंसं झालं. "तू त्या दिवशीच का नाही बोललीस?"

"तेव्हा म्हटलं, नाहीतरी कप्प्यातच जायचाय."

तिनं हे इतक्या साधेपणानं म्हटलं की त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, बाजारातून नवा आणते. ती म्हणाली, "नव्याला माझा अंगठा कुठे माहीत आहे? दगड आण, पाणी आण. बिघडवलंस तू, घासायचंही तूच."

दोन दिवस मी रजा टाकली आणि चाकूची पाठ ओल्या दगडावर घासली. सपाट धरून, एकही हिसका न देता. तिरका धरला की आत्या नुसती खाकरायची. मनगटं भरून आली, बोटांची टोकं सोलवटली. दर तासाला ती बागेतली काडी तिरपी कापायची, दोन्ही तुकडे पुन्हा जोडायची आणि खिडकीच्या उजेडात धरायची. फटीतून उजेड दिसला की म्हणायची, "घास." दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं काडी जोडली, उजेडात धरली, आणि काडी पुन्हा अखंड झाली. मला सांधा शोधून सापडेना. पातं आधीपेक्षा बारीक झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रोपवाटिकेत पोहोचलो. सगळी माणसं काम सोडून गोळा झाली होती. पिशव्यांमधली रोपं जमिनीवर रांगेत मांडलेली.

"मी खाली बसणार नाही," आत्या म्हणाली. "रोपं वर आणा."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मग कुणीतरी ऑफिसातलं टेबल उचलून आणलं. रोपं टेबलावर, आत्या खुर्चीत. काम इतकं सोपं झालेलं पाहून मला सगळ्यांचा आणि स्वतःचा भयंकर राग आला. चाळीस वर्षं एकाही शहाण्याला हे सुचलं नव्हतं, मलाही नाही.

तिनं नऊ डोळे भरले. सालीवर एक आडवा काप, एक उभा काप. चाकू हातातल्या हातात फिरवून हाडाच्या जिभेनं साल उचलायची. काडीवरून डोळा उतरवायचा, आत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. मी ओल्या फडक्यात काडी धरून उभी होते. नवी माणसं पुढे वाकली तेव्हा तिनं न पाहता सांगितलं, "उजेड सोडा."

मग तीन आठवडे वाट पाहणं. आत्या घरात नेहमीसारखी वावरत होती, पण चाकू तिनं कप्प्यात ठेवला नव्हता आणि खिशातही नाही. तो खिडकीच्या कठड्यावर होता. काय ठरायचं आहे ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघी त्याच्याकडे पाहत नव्हतो.

एकविसाव्या दिवशी निघताना तिनं कठड्यावरचा चाकू, लागला तर असू दे म्हणून, खिशात टाकला. रोपवाटिकेत टेबल पुन्हा बाहेर आलं. मालकांनी स्वतः खुर्ची पुसली. आत्यानं पहिली पट्टी सोडली. हिरवा. दुसरी, हिरवा. पाचवीपर्यंत मालक मोठ्यानं मोजत होते, नंतर त्यांना मोजवेना. नऊ पट्ट्या सुटल्या, नऊ डोळे हिरवेगार. मालक फाटकाकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मी मात्र सरळ रडले आणि भोवतालच्या प्रत्येकाला सांगत सुटले की ही माझी आत्या आहे, जणू त्यांना ते ठाऊक नव्हतं.

"टेबल इथेच राहू दे," मालक शेवटी म्हणाले. "आठवड्यातून जितके दिवस जमेल तितके दिवस."

आत्या हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

घरी आल्यावर तिनं गुंडाळी टेबलावर पसरली. चोविसावा कप्पा चिमटीत धरला. उजवा हात खिशात गेला, टक् असा आवाज झाला, आणि तिनं त्या कप्प्याची शिवण टाक्यामागून टाका उसवली. कापडाला एक ओरखडा नाही. कप्पा सुटून तिच्या मांडीवर पडला, त्यावर लाल अक्षरांत 'कलमं'.

"हे ठेव तुझ्याकडे," तो तुकडा माझ्या हातात देत ती म्हणाली. "लागेल तेव्हा मागून घेईन."

पुन्हा टक्. चाकू उजव्या खिशात गेला.