आधार आहे का?

माझी जीभ तिखट आहे, मान्य. पण गोदामावशीच्या बाबतीत घोळ घातला तो माझ्या कानांनी.

गोदामावशी शीळफाट्याजवळची, साठीची. भातशेती गेली, तिथे टॉवर उभा राहिला आणि त्यातलाच एक फ्लॅट हिच्या वाट्याला आला. नवरा वारला, मुलगा धनेश बायकोला घेऊन ठाण्याला गेला. मग हिला उदासीनतेचा आजार जडला. दोन वर्षांपूर्वी जिवाचं बरंवाईट करून घ्यायला निघालेली, शेजारणीने वाचवलं. तेव्हापासून ती आमच्या मानसोपचार विभागात येते.

मी जागृती, डोंबिवलीची. या विभागात रुग्णांचे फॉर्म भरते. माणसाला जगायला काय काय धरून ठेवतं, ते मोजायचं. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क. चाळीसच्या वर गेलं तर तीन महिन्यांनी बोलवायचं, खाली आलं तर दर आठवड्याला घरी जायचं. कुणाच्या डोक्यातून निघालाय हा फॉर्म, देव जाणे!

त्या दिवशी विचारलं, "मावशी, तुम्हाला आधार आहे का?"

"हाय ना गो बाय! धनेशनंच करून दिला."

मला इतकं बरं वाटलं! चार मार्क दिले, बेरीज बेचाळीस झाली. "छान चाललंय, आता तीन महिन्यांनी या," म्हणून मोकळी झाले.

मावशीनंतर नंबर रघूचा. त्यालाही तोच प्रश्न विचारला. त्याने खिशातून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "झेरॉक्स पण लागेल का, मॅडम?"

म्हणजे मावशीचा 'आधार'ही हाच! तिचा फॉर्म घेऊन बाहेर धावले, तर मावशी गेलेली. फोन उचलेना. रिक्षा पकडली आणि शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून अक्षरशः रडले. हिला काही झालं असतं, तर ते चार मार्क मला जन्मभर खात राहिले असते.

बेल वाजवली. एकदा, दोनदा. शेवटी दार उघडलं. मी तिला मिठीच मारली.

"कार्ड इसरले का मी तिथं?"

"कार्ड नाही हो! तुमचं माणूस कोण, ते विचारायचं होतं. मन भरून आलं तर कुणाला सांगता?"

ती मिठीतून बाजूला झाली. मग म्हणाली, "कोनाला नाय."

मी चार खोडून शून्य लिहिलं. अडतीस.

"नापास झाले?"

"झालात. म्हणून आता दर मंगळवारी मी येणार."

दोन महिने गेले. मंगळवारी मावशी केस विंचरून, भाकऱ्या थापून वाट बघते. मग डॉक्टरांनी फॉर्म पुन्हा भरायला सांगितला. मी विचारलं, "मावशी, तुमचं माणूस कोण?"

तिने माझा पेन धरलेला हात दाबून धरला.

"तुजा नाव सांगितला तं पास होईन का मी?"

"व्हाल बहुतेक."

"मंग कोन नाय, असाच लिही."