रोगणावरचे वळसे

समोरच्या घरी मोटार आहे. तिचा ड्रायव्हर रोज सकाळी कोरडं फडकं घेतो आणि तिच्या अंगावर गरागरा फिरवतो. मी खिडकी लावून घेते. एकदा सांगून पाहिलं, तर म्हणाला, "आजीबाई, तुम्हाला मोटारीतलं काय कळतं?" मोटारीतलं मला खरंच काही कळत नाही. पण फडक्यातली धूळ रंगावर बारीक वळसे काढते आणि तिरपं ऊन पडलं की ते उघडे पडतात, हे मी परकर नेसायच्या वयात पाहिलं आहे. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

माझे बाबा गिरगावात एका शेठजींचे गाडीवान होते. तबेल्याच्या माळ्यावर आमची खोली, खाली घोडे आणि काळ्या रोगणाची बग्गी. त्या बग्गीला बाबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. आधी नुसतं पाणी सोडायचं, माती आपली आपण वाहून जाऊ द्यायची. मग हरणाचं मऊ कातडं भिजवून, पिळून, पुढून मागे सरळ ओढायचं. कातडं चुकून जमिनीवर पडलं तर त्या दिवशी ते पुन्हा गाडीला लागायचं नाही. आम्हा पोरांच्या अंगाला इतक्या निगुतीनं कधी कुणी पाणी घातलं नसेल.

आई मालवणकडची. कामाला वाघीण, पण तिचा हात गोल फिरायचा. जातं गोल, सारवण गोल, भांडी घासायची तीही गोल. बाबांचं गाडी पुसणं तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या वेळी ती चुलीपाशी असायची.

शेठजींच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याच थंडीत बाबांच्या छातीत कफ भरला. वैद्यांनी बजावलं, पाण्याला हात लावायचा नाही, अंथरुणातून उठायचं नाही, उठलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. दुसऱ्या दिवशी मुनीमजी माळ्याच्या जिन्याखाली उभे राहून ओरडले की वरात याच बग्गीतून निघायची आहे, ती आरशासारखी हवी, जमत नसेल तर परळचा एक गाडीवान तयार आहे, खोली त्याला लागेल. बाबा ग्लानीत होते. आईनं सगळं ऐकलं.

उजाडायच्या आत ती खाली उतरली. तांब्यापितळेला लखलखीत करणारी वस्तू तिच्या माहितीत एकच, चुलीतली राख. ती तिनं वस्त्रगाळ केली, जुन्या मऊ लुगड्याची पट्टी घेतली आणि सगळी बग्गी घासून काढली. मग मला हाक मारली. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं आणि ती इतकी खूश होती!

समोरच्या भिंतीवरून ऊन आलं. काळ्या रोगणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वळसेच वळसे, अंगण सारवल्यावर उमटतात तसे. आईला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिला ते सुंदरच दिसले असणार.

बाबा भिंत धरत खाली आले. गाडीकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे पाहिलं.

"किती दुखले असतले गो तुझे हात," ते म्हणाले.

"माका वाटला, चकचकीत होतली," आई म्हणाली. "झाली मा?"

"झाली. फकत शेवटचो हात रवलो."

तो शेवटचा हात संपेना. पिठाहून मऊ अशी दगडाची पूड तेलात कालवायची, बनातीच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, तुकड्यावर घ्यायची आणि वीतभर जागा हलक्या हातानं सरळ रेषेत घासायची. धुवायचं, उन्हाकडे तोंड करून तिरकं पाहायचं, पुन्हा घासायचं. जोर जास्त झाला तर रोगणच निघून खालचा रंग उघडा पडणार. म्हणून घाई नाही. भिजलेल्या फरशीवर बसून, खोकत, बाबा दिवसामागून दिवस तेच करत राहिले. मुनीमजी येऊन तडकले तेव्हा बाबा म्हणाले, "तापात मीच पुसली, भान नव्हतं." मुनीमजींनी त्यांना नको ते ऐकवलं आणि त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आईला कळलं ते बग्गीचं एक दार पूर्ण झाल्यावर. त्या दारात तिचा चेहरा स्वच्छ दिसला आणि शेजारच्या दारात दिसेना. तिनं बाबांचे पाय धरले. गाडी जाऊ दे, खोली जाऊ दे, दादरला माझ्या भावाच्या मळ्यावर जाऊ, पण तुम्ही उठा, म्हणाली. बाबांनी तिला बाजूला केलं, "आता थोडीच रवली," म्हणाले आणि बनातीचा तुकडा पुन्हा उचलला.

वरातीला बग्गी अशी निघाली की मशाली तिच्यात सरळ उभ्या दिसत होत्या. हाकायला परळचाच माणूस होता, बाबांना बैठकीवर चढता आलं नाही. आम्ही त्यांना माळ्याच्या खिडकीशी टेकवून बसवलं. त्यांनी गाडी वळेपर्यंत पाहिली आणि समाधानानं डोळे मिटले. लग्नाचा मांडव उतरायच्या आत ते गेले.

आम्ही दादरला मामाकडे आलो. आई पुढे पुष्कळ जगली. नातवंडं पाहिली, हसली, सुनांशी कचाकचा भांडलीसुद्धा. बग्गीचं नाव मात्र तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. एकदा दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. तिनं सूप खाली ठेवलं.

"एकदा तरी माझ्यार ओरडूक होया होता त्यांनी," ती म्हणाली. "मगे मी पण उलट बोल्लंय असतंय. आमचा भांडण झाला असता. ता भांडण रवान गेला गो."