आर्ट सेंटरचा मोर

आमच्या शिवदासला साधी सरळ रेघ मारता येत नाही, हे मी शपथेवर सांगते. शाळेत त्यानं काढलेली गाय बघून बाईंनी विचारलं होतं, ही रिक्षा का? साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं लेथ मशीनवर आहे. तिथे सुताचा फरक पडू देणार नाही, पण हातात ब्रश दिला की संपलं. आणि ह्याच माणसाला घाटकोपरच्या डोंगरावरची आमची अख्खी चाळ आज आर्टिस्ट म्हणते. मी त्याची मोठी बहीण, रत्नप्रभा. नवरा गेल्यापासून त्याच्याकडेच राहते आणि त्याच्यावर ओरडणं हे माझं रोजचं काम आहे.

मागच्या वर्षी त्याचा ताप उतरेना म्हणून रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. कसा झाला ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि मी मोरीत नळ सोडून रडले. तिसऱ्या दिवशी मला राग आला. म्हटलं, ऊठ मेल्या, मरायचंच असेल तर आधी आंघोळ तरी कर. आणि तशीच त्याला घेऊन सरकारी हॉस्पिटलातल्या एआरटी सेंटरला गेले, जिथे ह्या आजाराच्या गोळ्या देतात.

त्याला वाटलं होतं, आता शिव्या बसणार. तिथल्या अक्षता मॅडमनी विचारलं काय, तर तुम्ही दात किती वाजता घासता? आठला, मीच सांगून टाकलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं की गोळी रोज एकच, पण ठरल्या वेळी, जन्मभर, आणि चुकवायची नाही. नीट घेतली तर माणूस चांगला म्हातारा होतो. एवढं ऐकून शिवदासनं एकच शंका काढली, बांगडा चालेल का. चालेल म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाला, आणि सुका बांगडा? तोही चालेल. दाराशी पोचून हा परत वळला, तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "तिरफळं घालून केलात तरी चालेल, पण गोळी सकाळी आठला." बाई नक्की आमच्या कोकणातलीच असणार.

गोळ्यांची बाटली खिशात घातली की खुळखुळ्यासारखी वाजायची. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हा पावलागणिक खोकायचा. पंधरा दिवसांत चाळीत बोंब झाली, शिवदासला टीबी झालाय. शेवटी मी बाटलीत कापूस कोंबला आणि त्याचा खोकला बरा झाला.

दुसऱ्या महिन्यात मात्र वाट लागली. गोळ्या घेऊन येताना नळापाशी त्याच्या पिशवीतून सेंटरची हिरवी पुस्तिका पडली. उचलली कोणी, तर चाळ कमिटीच्या भाऊरावांनी. हे गृहस्थ दुसऱ्याचं लाइट बिलसुद्धा मोठ्यानं वाचतात. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कव्हरवरचं इंग्रजी एकेक अक्षर लावायला लागले, ए... आर... टी... मी बादली तिथेच सोडून पुढे धावले. तेवढ्यात शेजारच्या सोनूबाई मावशींनी हंडा खाली आपटला.

"आर्ट! अरे, आर्ट सेंटर! शिवदास, चित्रकला शिकतोस आणि आम्हाला बोलला नाहीस?" असं म्हणून त्यांनी भाऊरावांच्या हातातली पुस्तिका ओढली आणि ह्याच्या पिशवीत कोंबली.

संध्याकाळपर्यंत ही बातमी डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचली. म्हातारीला अक्कल नाही ती नाही, वर हौस दांडगी. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठच्या ठोक्याला दारात हजर. "शिवदास, आज रंग दिलास काय रे?" हा आत गोळी घशाखाली उतरवत हो म्हणायचा. मला असा संताप यायचा की दार तोंडावर लावावं. मनातल्या मनात मी तिला काय काय म्हटलंय ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग वॉर्डात स्वच्छतेची स्पर्धा लागली. कमिटीनं एकमतानं ठरवलं की आपल्या सार्वजनिक संडासाच्या भिंतीवर मोर हवा, आणि तो शिवदास काढणार. घरात आर्टिस्ट असताना बाहेरचा कशाला, असं भाऊराव म्हणाले.

शिवदास घरी आला तो तोंड पाडून. म्हणाला, नाही म्हटलं तर विचारतील, मग तिथे जातोस कशाला. त्यापेक्षा सेंटरला जाणंच बंद करतो. सेंटर नाही तर आर्ट नाही, आर्ट नाही तर मोर नाही. बाटलीत आठ गोळ्या उरल्या होत्या. मी ओरडायला तोंड उघडलं, पण इतकी घाबरले होते की आवाज हळूच निघाला.

"मोर कसाही काढ रे," मी म्हटलं, "पण गोळी सोडलीस तर मी ओरडू कोणावर?"

त्यानं बाटली उचलून फळीवर ठेवली. रविवारी उठला आणि खडू, दोरी, ओळंबा असं सामान घेऊन निघाला. दिवसभर भिंतीवर मापं घेतली. झालं ते असं, की पिसाऱ्याच्या जागी अर्धं गिअर, मोजून बहात्तर दाते, प्रत्येकात नटबोल्टाएवढा डोळा, आणि पुढे नळाच्या तोटीसारखी मान. एक पोरगी म्हणाली, कोंबडी सायकलवर बसलीय. भाऊरावांनी मान वाकडी करून पुष्कळ वेळ बघितलं आणि म्हणाले, मॉडर्न आहे. मग सगळ्यांनाच तो मॉडर्न दिसायला लागला. परीक्षकांनी त्याच्यासोबत फोटो काढले आणि बक्षीस शेजारच्या चाळीला दिलं.

त्यानंतरच्या सोमवारी शिवदासची लवकरची पाळी होती, तो सातलाच गेला. आठला मावशी दारात आल्या. मी तडकले. म्हटलं, मोर संपला मावशी, आता रंग कसला विचारता?

त्यांनी चाळीत दोन्हीकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "डब्यातून गोळी नेली ना त्यानं?"

"कसली गोळी?" मी म्हटलं.

"तीस वर्षं हॉस्पिटलात आया होते गो मी. एआरटी मला भाऊरावाच्या आधी वाचता येतं. आणि रोज आठला तू त्याच्यावर ओरडतेस, ते भिंतीपलीकडे मला ऐकू येतं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले, ह्या वेळी नळ न सोडता. एवढे महिने जिला शिव्या घातल्या, तीच रोज माझ्या भावाला जगवायला दारात येत होती. मला तिचे पाय धरायचे होते, पण ती घड्याळाकडे बघत होती.

"रडतेस काय, फोन लाव त्याला. आठ वाजून पाच झाले."

मी लावला. मागे मशीन घरघरत होती. मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं विचारलं, "शिवदास, रंग दिलास काय रे?"

"दिला मावशी," तो म्हणाला.