बाबांचा रणगाडा

माझा मोबाईल रबरबँडवर तगून आहे, म्हणून काल उल्हासनगरला नवा बघायला गेलो. खोका उघडताच कोऱ्या प्लास्टिकचा वास आला आणि आमचा पहिला कॉम्प्युटर आठवला. त्यावर मी बाबांना युद्धाचा गेम शिकवला होता. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात डिझाइनला होते. ते सैन्य उभारायचं सोडून रणगाड्यावर संशोधनच करत बसले.

"बाबा, आता तरी रणगाडे बनवा!"

"थांब रे, पुढचं इंजिन येऊ दे."

शेवटी शत्रू राजधानीत शिरला. आमच्याकडे एकही रणगाडा नव्हता. मी रडकुंडीला आलो. बाबा मात्र चष्मा सावरत स्क्रीनवर वाकले आणि खूश होऊन म्हणाले, "बघ, त्यांचं मॉडेल किती जुनाट आहे!"

"पॅक कर दूँ, साहब?" दुकानदाराने विचारलं.

मी मोबाईल खाली ठेवला. "नया मॉडेल कब आ रहा है?"