तलैवरांच्या खांद्यावरची शाल

शाल मी घातली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलंही नव्हतं. नंतर चौकशी झाली तेव्हा मी वेगवेगळी कारणं दिली आणि एकही कुणाला पटलं नाही. खरं कारण एवढंच की मी सांगलीकडचा आहे. आमच्याकडे व्यासपीठावर चढलेला माणूस खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेतल्याशिवाय खाली उतरत नाही. चेन्नईत चोवीस वर्षं काढली, पण हाताचं वळण गेलं नाही.

आयुधपूजेचा दिवस होता. आपल्याकडच्या खंडेनवमीसारखाच, पण इथे त्याचा थाट फार मोठा. अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात आदल्या दिवसापासून लेथ धुतले-पुसले होते, प्रत्येक यंत्राच्या कपाळाला चंदन-कुंकू लागलं होतं, दारांना केळीचे खुंट बांधले होते. तबकात दोन शाली होत्या. एक त्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या फोरमनची, दुसरी पूजा सांगणाऱ्या गुरुजींची. मालकांनी तबक माझ्याकडे सरकवलं, कारण असल्या गोष्टी माणसं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने करायच्या आणि कारखान्यात तो अधिकारी मी. फोरमनला शाल घातली. टाळ्या झाल्या. टाळ्यांनी मला चेव येतो. फोरमनशेजारी युनियनचे सेक्रेटरी उभे होते. माझे हात तबकात गेले, दुसरी शाल उलगडली गेली आणि सेक्रेटरींच्या खांद्यावर बसली. वर नारळ दिला. वर वाकून नमस्कार केला. शालीचं टोक जरा वर-खाली झालं होतं, तेही सारखं केलं.

ते हसले. खांद्यावर शाल पडली की माणूस हसतोच, तो काही विचार करून हसत नाही. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

टाळ्या मात्र झाल्या नाहीत. एवढ्या सगळ्या माणसांत फक्त गुरुजी माझ्याकडे बघत होते, आणि ते वेगळ्या कारणासाठी.

आता ही चूक किती मोठी होती ते कळायला थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या कारखान्यात ट्रकच्या ब्रेकचे सुटे भाग होतात आणि त्यातले बरेचसे अमेरिकेला जातात. जायचे, म्हणू. तिथल्या अध्यक्षांनी आयातीवर जबर कर बसवला आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. मालकांचं म्हणणं होतं, शेवटी लागलेली सव्वीस पोरं कमी करू. सेक्रेटरींचं म्हणणं, एकालाही काढायचं नाही, सगळ्यांनीच आठवड्याला एक पाळी कमी करावी आणि ऑर्डरी परत येईपर्यंत तग धरावा. मालक कुरकुरत तयार झाले, पण कामगारांनी गेटसभेत हात वर करून मान्यता दिली तरच. जुन्या लोकांना ते नको होतं. स्वतःची पाळी कोण सोडतो? त्यांना वळवायला सेक्रेटरींच्या शब्दाशिवाय कुणाकडेच काही नव्हतं. आणि गेटसभेला चार दिवस राहिले असताना, सगळ्या कारखान्यासमोर, मी त्या शब्दाला शाल पांघरली.

सेक्रेटरींना सगळे तलैवर म्हणतात, म्हणजे पुढारी. मीही तेच म्हणतो. माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठे, खिशाला दोन पेनं, बोलणं हळू. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसतोय, पण या माणसाने माझ्या केबिनमध्ये कधी कॉफी घेतली नाही. कँटीनमधून स्वतःचा टंबलर, म्हणजे स्टीलचा पेला, भरून आणतात आणि तो माझ्या टेबलावर, त्यांच्या बाजूला ठेवतात. एकदा टेबल रंगवायला नेलं होतं तर म्हणाले, "सार, टेबल आलं की बोलू." सरांना इथे सार म्हणतात.

ज्या दिवशी कराची बातमी आली त्या दिवशी आम्ही दोघं कँटीनमध्ये टीव्हीखाली उभे होतो. अध्यक्ष भाषण करत होते, मागे कामगारांची रांग, आणि एका बाजूला एक माणूस टाळ्या वाजवत होता. खाली पट्टी आली की तो तिथल्या कामगारांचा पुढारी.

"हा आपला की त्यांचा?" तलैवरांनी विचारलं.

"तो त्याच्या माणसांचा," मी शहाणपणा केला. "त्यांच्याकडे कामं परत येणार म्हणून खूश आहे. बाकी गोष्टींत माझं अध्यक्षांशी पटत नाही, असंही म्हणतोय म्हणे."

"खूश असू दे. टाळ्या घरी वाजवाव्यात." ते बराच वेळ बघत राहिले. "मधे टेबल दिसत नाही, सार. बाजूला उभा आहे. बाजूला उभं राहिलं की माणूस कुणाकडे तोंड करून बोलणार?"

मला तेव्हा ते जरा जुन्या वळणाचं वाटलं होतं.

तर आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर एक चित्र फिरायला लागलं. डावीकडे अमेरिकेचे अध्यक्ष आणि तो टाळ्या वाजवणारा पुढारी, उजवीकडे मी आणि तलैवर. कुणा कलाकाराने त्या अमेरिकन पुढाऱ्याच्या खांद्यावरही आमच्यासारखीच जरीकाठी शाल रंगवली होती. खाली तमिळमध्ये एकच प्रश्न: "तुझी कितीला?" माझा चेहरा अध्यक्षांच्या शेजारी फार केविलवाणा दिसत होता, पण ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

त्या दिवसापासून मला सगळ्यांचा संशय येऊ लागला आणि सगळ्यांना माझा. कँटीनमध्ये गेलो की बोलणी थांबायची. वॉचमन सलाम करायचा, पण त्याचे डोळे माझ्या पिशवीवर असायचे. कँटीनवाल्याने माझ्या कॉफीत साखर कमी घातली. निदान मला तसं वाटलं, आणि मी ते डायरीत लिहूनही ठेवलं. मालकांनी बोलावून घेतलं. "शाल कुणाच्या सांगण्यावरून?" मी म्हटलं, आमच्याकडची पद्धत आहे. मालक खुर्चीत मागे टेकले. "तुमच्याकडची म्हणजे कुणाकडची? माझ्याकडून पगार घेता, आणि सभेआधी त्यांच्या पुढाऱ्याचा सत्कार करता." म्हणजे कामगारांना वाटत होतं मी मालकांसाठी तलैवरांना विकत घेतलं, आणि मालकांना वाटत होतं तलैवरांनी मला. एवढा भाव मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तलैवर माझ्याकडे फिरकले नाहीत. त्यांचा टंबलर दिसेनासा झाला तसं टेबल उगाच मोठं वाटायला लागलं.

घरी सांगणं भाग होतं. बायको तंजावरच्या मराठी घरातली. जन्म चेन्नईजवळच्या आवडी या गावातला, सरकारी क्वार्टरमधला. तिची मराठी माझ्यापेक्षा तीनशे वर्षांनी जुनी आहे आणि मधेमधे तमिळ शब्द असे येतात की मला चोवीस वर्षांनीही थांबून विचारावं लागतं. पण मुख्य म्हणजे तिचे अप्पा संरक्षण खात्याच्या कारखान्यात युनियनचे होते. मॅनेजर या जातीवरचा अविश्वास तिला बाळकडूत मिळालाय, आणि तिने लग्न एका मॅनेजरशी केलं.

"अय्यो," ती म्हणाली. "मालकाने सांगितलं का घालायला?"

"नाही गं."

"खरं सांगा."

"आईशप्पथ नाही."

"मग का घातलीत?"

"समोर उभे होते म्हणून."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. अप्पा असेच बघायचे. "आमच्या अप्पांना एकदा साहेबाने स्वतःच्या गाडीतून स्टेशनपर्यंत सोडलं. पाऊस होता म्हणून. पुढची दोन वर्षं अप्पा प्रत्येक सभेत त्याचं उत्तर देत होते. आणि तुम्ही तर शाल घातलीत. वर नारळ."

"मी उद्या त्यांच्या घरी जाऊन माफी मागतो."

"जा की. दारात तुमची चप्पल दिसली म्हणजे उरलेसुरलेही हात खाली."

मी गेलो नाही. नोटीस लावावी का, असं विचारलं. त्यात काय लिहिणार, तिने विचारलं, शाल चुकून पडली म्हणून? मग मी गप्प बसलो. माझ्या हातून झालेलं हे एकच शहाणपणाचं काम, आणि तेही तिच्या सांगण्यावरून.

गेटसभा दुपारी पाळी बदलताना होती. पहिल्या पाळीचे बाहेर पडत होते, दुसऱ्या पाळीचे आत यायचे थांबले होते. झेंड्याच्या खांबाखाली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती आणि तलैवर तिच्यावर उभे होते. ती सव्वीस पोरं एका कडेला, भिंतीला टेकून. मी केबिनच्या खिडकीतून बघत होतो. वरच्या मजल्यावर मालकांची खिडकी उघडी होती.

"सारांना बाहेर बोलवा," तलैवर म्हणाले. माइक नव्हता, तरी मला ऐकू आलं.

बाहेर गेलो. माझ्यासाठी वाट झाली. स्वागताची वाट अशी नसते, एवढं मला कळत होतं.

तलैवर खुर्चीवरून उतरले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कागद सोडला. आत ती शाल.

"ही मी मागितली होती?"

"नाही," मी म्हटलं.

"मोठ्याने."

"नाही!"

"मग का घातलीत?" घरीही हाच प्रश्न झाला होता. त्यांनी थांबून वाट बघितली नाही. "तुमच्या गावी शाल घालून माणसाचं तोंड बंद करत असाल. इथे नाही चालत. अकरा वर्षं तुमची कॉफी प्यायलो नाही, ती शाल घ्यायला?"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग त्यांनी ती शाल उलगडली आणि माझ्या खांद्यावर घातली. चेन्नईची ऑक्टोबरातली दुपार, वर ती जरीकाठी शाल. टोक वर-खाली झालं होतं ते त्यांनी सारखं केलं, अगदी मी केलं होतं तसं.

"आता काढा फोटो," ते म्हणाले.

सगळ्यांचे हात वर गेले, मोबाइलसकट. मी हसलो नाही. फार प्रयत्न करावा लागला, कारण खांद्यावर शाल पडली की तोंड आपोआप हसायला लागतं.

ते परत खुर्चीवर चढले. "ते चित्र मीही बघितलं. अमेरिकेतला तो भाऊ त्याच्या माणसांसाठी उभा राहिला की स्वतःसाठी, मला माहीत नाही. इथून दिसत नाही. त्याच्या माणसांनी बघावं. मी इथे आहे. माझ्याकडे नीट बघा, आणि मग सांगा, या पोरांनी घरी जायचं की आपण सगळ्यांनी एक पाळी सोडायची?"

आधी कुणाचाच हात वर आला नाही. फोरमन, निवृत्तीला आठवडा राहिलेला, त्याने पहिला वर केला. त्याचं काही जाणार नव्हतं, म्हणून दोनचार जण हसले. मग एक जुना वेल्डर. मग पाठीमागून आणखी. काही हात अर्धेच वर गेले, ते तलैवरांनी बघितले आणि बघत राहिले, तोवर ते पूर्ण वर गेले. काही शेवटपर्यंत खालीच राहिले. पण पुरेसे झाले. भिंतीशी उभं असलेलं एक पोरगं खाली बसलं आणि त्याने गुडघ्यांत तोंड घातलं.

मी मान वर करून मालकांच्या खिडकीकडे बघितलं. ते शांत दिसले. आपल्या अधिकाऱ्याचा असा उद्धार होताना मालकाने इतकं शांत असावं का, हा प्रश्न मला बसमध्ये सुचला. यांचं आधी काही ठरलं होतं का? मालक आणि तलैवर? की तलैवर आणि फोरमन? मी सोडून सगळे? माझा स्टॉप निघून गेला.

घरी आलो तर फोटो माझ्या आधी पोचला होता. बायकोच्या कुठल्याशा मावसबहिणीने पाठवला होता. मी घडलेलं सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही अय्यो म्हटलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तिने पिशवीतून शाल काढली, दिव्याखाली धरली, घडीवरून बोट फिरवलं.

"इस्त्री केलेली आहे," ती म्हणाली.

"मग?"

"चिडलेला माणूस इस्त्री करून आणत नाही. घरी बायकोला देऊन ठेवली असेल, चार दिवस आधी. सभेला लागेल म्हणून."

"म्हणजे नाटक?"

"राग खरा असेल. घडी घालून ठेवला होता एवढंच. आमचे अप्पाही ठेवायचे."

"पण मग मला सांगायचं ना! मी उगाच चार दिवस..."

"तुम्हाला? तुमच्या तोंडावर वॉचमनला दिसलं असतं."

मी विचारलं, "आणि तो अमेरिकेतला? त्याचं खरं की नाटक?"

"त्याच्या घरचे कपडे मी बघत नाही," ती म्हणाली आणि शाल आल्या घड्यांवरच परत मिटली. "ही उद्या गुरुजींना नेऊन द्या. त्यांची आहे. फोटो काढू नका."