पिटुकली पाळीत शिरली
सावली गावाजवळच्या एका खेड्यात मुखरू तलावाची राखण करी. धानाला पाणी कधी सोडायचं, तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, कुठे खचली, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण ब्याऐंशीच्या पावसाळ्यात घुशींनी पोखरलेली पाळ फुटली आणि खालच्या श्रीहरीच्या शेतातलं उभं धान गाळाखाली गेलं. श्रीहरीनं बोल लावला नाही, तरी मुखरूनं ते मनाला लावून घेतलं.

घुशींना विष घालावं तर तलावावर गुरं पाण्याला येत. गावठी कुत्री अंगानं मोठी. बिळाच्या तोंडाशी माती उकरून थकून जात. अशात सावलीचे एक डॉक्टर बदली होऊन निघाले. जाताना त्यांनी टेरियर या विलायती कुत्र्याच्या जातीचं एक राठ केसांचं पिल्लू मुखरूच्या ओंजळीत ठेवलं. म्हणाले, "हिची जात बिळात शिरणारी आहे. सांभाळ."

मुखरूच्या बायकोनं, कमलानं, तिचं नाव ठेवलं पिटुकली. पण ही शिकारीण कोंबडी दिसली तरी कमलाच्या लुगड्यामागे दडायची. श्रीहरी हसून म्हणाला, "मुखरूभाऊ, घूसच हिले घेऊन जाईन!"

मुखरूनं परसात चर खणला, वर फळ्या टाकून माती लोटली. झालं जमिनीखालचं भुयार. आधी अगदी आखूड, पलीकडचा उजेड दिसेल असं. त्या टोकाला कमला सुकटी घेऊन बसे आणि पिटुकली धावत आरपार जाई. मग त्यानं भुयार वाढवलं, मध्ये एक वळण दिलं. तिथे मात्र अंधार. पिटुकली वळणाशी बसून कुंई कुंई करी आणि उलट्या पावली परत येई.

"ढकल ना तिले," श्रीहरी म्हणाला.

"ढकललं त जाईन, भाऊ. पण मंग मनानं कधीच जाणार नाई."

मुखरूनं पिंजऱ्यात एक घूस धरली आणि पिंजरा भुयाराच्या दुसऱ्या तोंडाशी ठेवला. तीन दिवस काहीच घडलं नाही. चौथ्या सकाळी पिटुकलीचं नाक हललं, पाठीवरचे केस ताठ झाले. ती आत शिरली, आणि वळणापलीकडून असं भुंकणं आलं, की कमला दचकलीच. तो आवाज दोघांनी तोवर ऐकला नव्हता.

"म्या नाई शिकवलं," डोळे पुसत मुखरू म्हणाला. "तिच्यात होतंच. जागं झालं."

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात तलाव आटला, तेव्हा मुखरू आणि पिटुकली रोज पाळीवर जाऊ लागले. एका बिळात पिटुकली शिरली, भुंकली आणि एकदम गप्प झाली. मुखरूनं हाका मारमारून घसा बसवला. मग जमिनीला कान लावला. दूर, पाळीच्या पार पोटात, बारीक खरवडणं ऐकू येत होतं.

शेतातून श्रीहरी कुदळ घेऊन धावत आला. त्याच्यामागे वीसेक माणसं. खणत जवळ पोचल्यावर कुदळी टाकून सगळ्यांनी हातांनी माती काढली. पिटुकली बाभळीच्या मुळांत अडकली होती. नाक सोललेलं, पण जिवंत!

आणि तिच्यापुढे माणूस बसेल एवढी पोकळी. घुशींनी पाळ थेट पाण्याच्या बाजूपर्यंत कोरून ठेवली होती. येत्या पावसाळ्यात पाळ पुन्हा फुटलीच असती.

दोन दिवसांत गावानं चिकणमाती ठोकून ती जागा बुजवली. त्या वर्षी तलाव काठोकाठ भरला. पाळ हलली नाही.

धान कापून झाल्यावर मुखरू खणायला आलेल्या एकेका घरी गेला, कडेवर पिटुकली. शेवटी श्रीहरीच्या दारात उभा राहून म्हणाला, "जयभीम, श्रीहरीभाऊ. तुमी होते म्हणून हे वाचली."

"अरे, आमचं धान हिनं वाचवलं. उपकार आमीच मानावं त तू काऊन मानून राह्यला?"

मुखरूनं पिटुकलीला कडेवरून खाली सोडलं. श्रीहरीच्या बायकोनं दुधाची वाटी आणून खाली ठेवली, आणि पिटुकली पीत होती तोवर तिघंही तिच्याकडे पाहत उभी राहिली.